मित्रासाठी काडतुसे भरण्याआधी

हाताने काडतुसे भरण्याचा, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर (बार पेटवणारी बुडाची टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवून ते पुन्हा तयार करण्याचा छंद असलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या एक विनंती ऐकावी लागते. "प्रेस तुझ्याकडे आहे, डाय आहेत, दारूचे डबे आहेत, माझ्यासाठीही शंभरेक भरून दे, साहित्याचे पैसे मी देतो." (प्रेस म्हणजे काडतूस दाबून भरण्याचे यंत्र, डाय म्हणजे त्यात बसणारे साचे.) विनंती करणारा जवळचा असतो आणि मागणी वाजवी वाटते, त्यामुळे नाही म्हणताना जीभ अडखळते. या विनंतीला माझे उत्तर ठरलेले आहे. काडतुसे भरून द्यायची नाहीत, पण मित्राला रिकाम्या हाताने परतही पाठवायचे नाही. त्याला आपल्या मेजापाशी बसवून त्याची काडतुसे त्याच्याच हातून भरवून घ्यायची. हे कसे करायचे ते पुढे सांगतो. मात्र नकारामागची कारणे नीट उमगलेली नसतील तर नकार टिकत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या आग्रहाला माणूस विरघळतो, म्हणून सुरुवात कारणांपासून करतो.

कारखान्यात तयार झालेले काडतूस कोणाच्या बंदुकीत जाणार आहे हे कारखान्याला ठाऊक नसते, आणि नेमक्या याच गोष्टीसाठी ते घडवलेले असते. अमेरिकेत १९२६ पासून सामी ही उत्पादकांची संस्था आणि युरोपात सीआयपी हा आयोग प्रत्येक जातीच्या काडतुसाची मापे व दाबाची कमाल मर्यादा ठरवून देतात, आणि त्या मर्यादेत राहिलेले काडतूस त्या जातीच्या कोणत्याही धडधाकट बंदुकीत निभावून जावे अशी सगळी रचना असते. हातभरणीचे काडतूस याच्या नेमके उलट असते. आपण ते एका बंदुकीच्या चेंबरला, म्हणजे काडतूस जेथे बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीला, बेतून शिवतो. पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, किती मागे दाबायचा, गोळी किती खोल बसवायची, दारूचा भार, म्हणजे तिचे वजन, कोठे थांबवायचा हे सारे त्या एका नळीवर पाहून ठरवलेले असते. बेतून शिवलेला अंगरखा दुसऱ्याला आखूड पडला तर फार तर शिवण उसवते. येथे गाठ असते ती दाबाशी. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाची सामीची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे दर चौरस इंचावर ६२,००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा असते, हे आठवले की गालाला टेकवलेल्या त्या पोलादात काय कोंडलेले आहे याचा अंदाज येतो.

हा धडा मला एका मित्राच्या रायफलीने दिला. माझी .३०८ जुनी, बरीच चाललेली. चेंबर संपून आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, सुरू होण्यापूर्वीचा जो मोकळा भाग असतो, ज्याला थ्रोट म्हणतात, तो तिच्यात झिजून लांबला होता. त्यामुळे मी गोळ्या थोड्या बाहेर ठेवून बसवत असे आणि निशाणीवरचे छिद्रांचे वर्तुळ त्यामुळे लहान होत असे, याचा मला अभिमानही होता. त्यातलीच शंभर काडतुसे मी मित्राला भरून दिली. त्याची रायफल कोरी होती, तिचा थ्रोट झिजलेला नव्हता. रेंजवर त्याने पहिले काडतूस आत सरकवले, पण बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, शेवटच्या बोटभर अंतरात अडू लागला, तेव्हा त्याने हाताच्या तळव्याने तो खाली रेटला. मी शेजारच्याच मार्गिकेवर होतो. त्याचा चेहरा पाहून मी थांबायला सांगितले आणि बोल्ट उघडायला लावला. पुंगळी बाहेर आली, पण एकटीच. गोळी आट्यांमध्ये पाचर बसावी तशी घट्ट रुतून मागेच राहिली होती, आणि दारूचे बारीक काळसर कण मॅगझिनमध्ये, बोल्टच्या दातांवर, मेजावर सगळीकडे सांडले होते. साफसफाईच्या गजाने नळीच्या तोंडाकडून हलके ठोके देऊन ती गोळी काढायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्या दिवशी चाप ओढला गेला नाही, हे आमचे नशीब. सुटलेली गोळी आट्यांत शिरण्याआधी थोडी मोकळी धावते, आणि तेवढ्या अवधीत मागच्या वायूला पसरायला जागा मिळते. गोळी आधीपासूनच आट्यांना टेकलेली असेल तर ही धाव नाहीशी होते आणि त्याच दारूचा दाब चढतो. माझ्या रायफलीत मर्यादेच्या आत असलेला भार त्याच्या रायफलीत मर्यादेबाहेर गेला असता. पुंगळीच्या खांद्याचेही असेच असते. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीसाठी अनेक जण पुंगळीची फक्त मान आवळतात किंवा खांदा एक-दोन हजारांश इंचच मागे घेतात, कारण पुंगळी त्याच चेंबरात परत जाणार असते. तीच पुंगळी दुसऱ्याच्या चेंबरात एकतर शिरत नाही, नाहीतर सैल बसते, आणि सैल बसली की प्रत्येक बाराबरोबर बुडाच्या वर ताणली जाऊन पातळ होत जाते. मित्राची रायफल अर्धस्वयंचलित असेल तर आणखी एक भय असते. एम१ गॅरंडसारख्या काही रचनांमध्ये फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आदळणारी सळई, मोकळी असते आणि बोल्ट वेगाने पुढे येऊन थांबला की ती जडत्वाने प्रायमरला हलकी टिचकी मारते. प्रायमर खळग्यात केसभर वर राहिलेला असला किंवा नाजूक जातीचा असला, तर चाप न ओढताच बार उडू शकतो. बोल्ट अ‍ॅक्शनच वापरणाऱ्याला प्रायमर केसभर वर राहिला तर तो दोष फारसा जाणवतही नाही, म्हणून तो आपल्या मेजावर सहज खपून जातो.

नावावरून होणारा घोटाळा मला याहूनही गंभीर वाटतो. .४५-७० हे काडतूस १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या स्प्रिंगफील्ड ट्रॅपडोअर रायफलीबरोबर आले आणि त्याच नावाचे काडतूस आजच्या भक्कम रायफलींतही चालते. म्हणूनच भरणीच्या पुस्तकांत या एका काडतुसासाठी जुन्या ट्रॅपडोअरचे, लिव्हर रायफलींचे आणि मजबूत आधुनिक रायफलींचे असे वेगवेगळे तक्ते छापलेले असतात. .४५ कोल्ट त्याच वर्षीचे; त्याची सामीची मर्यादा अवघी १४,००० पीएसआय, पण दणकट आधुनिक रिव्हॉल्व्हरसाठी त्याहून कितीतरी जड भार वेगळ्या तक्त्यात दिलेले असतात. ते भरलेले काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये तितक्याच सहजतेने बसते. "माझ्याकडे .४५ कोल्ट आहे" एवढेच मित्र सांगतो, ती त्याच्या आजोबांची आहे, हे तो सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे हेच त्याला माहीत नसते. नळीखाली लांब नळकांड्यासारखे मॅगझिन असलेल्या रायफलीत काडतुसे एकामागे एक रांगेने बसतात आणि प्रत्येकाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकते, म्हणून तेथे टणक टोकदार गोळी चालत नाही. बहुभुजी आट्यांच्या पिस्तुलांत उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असे काही उत्पादक स्पष्ट बजावतात. आणि .३०० ब्लॅकआउटचे काडतूस तर .२२३ च्याच कुळातले, चुकून .२२३ च्या रायफलीत गेले आणि बोल्ट बंद झाला, तर .३०८ इंचाची गोळी .२२४ इंचाच्या नळीत कोंबली जाते आणि रायफल फुटते. यातली कोणतीही गोष्ट काडतुसाकडे नुसते पाहून मित्राला कळत नाही.

आतापर्यंत काडतूस तुम्ही निर्दोष भरले आहे असे धरून चाललो होतो. आपल्या हातून चूक होते, हे दुसरे कारण आहे. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, म्हणून ऐसपैस. आजच्या जलद जळणाऱ्या दारूचा भार तिच्या तळाशी थोडासा दिसतो. त्यामुळे एकाच पुंगळीत दोनदा भार पडला तरी ती भरून वाहत नाही आणि गोळी निमूटपणे वर बसते. उलट, भार पडलाच नाही तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकते. अशा वेळी नेहमीच्या धडाक्याऐवजी फुसका आवाज येतो आणि धक्का जवळजवळ लागत नाही. आपलीच काडतुसे आपण झाडत असलो तर हात आपोआप थांबतो, कारण आपल्या भाराचा आवाज कानात बसलेला असतो. मित्राच्या कानावर जाड संरक्षक असतात, शेजारी इतरांचे बार चाललेले असतात, आणि हे काडतूस कसे वाजायला हवे याची त्याला कल्पना नसते; तो पुढचा चाप ओढतो, आणि अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी आदळून नळी फुगते किंवा फाटते.

पैशाचा आणि कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो देशागणिक बदलतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्याच्या कायद्याने परवाना लागत नाही, पण विक्रीसाठी काडतुसे बनवण्याच्या धंद्याला १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार परवाना लागतो, त्याचा प्रकार ०६. आणि उत्पादकाने विकलेल्या काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर असतो. मित्राकडून पैसे घेऊन आपण या प्रश्नांच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहतो. अनेक देशांत, भारतातही, परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हाच गुन्हा आहे, तेव्हा तेथे हा विषय सुरू होण्याआधीच संपतो. बंदुकीच्या माहितीपत्रकातही बहुधा लिहिलेले असते की हातभरणीची काडतुसे वापरल्यास हमी राहणार नाही. काही जण मित्राकडून "जबाबदारी माझी" असे लिहून घेतात. त्या कागदाचा मला भरवसा वाटत नाही, कारण बंदूक फुटली तर तिचा तुकडा शेजारच्या मार्गिकेवरच्या ज्या माणसाला लागेल, त्याने कशावरही सही केलेली नसते.

आता मेजापाशी येऊ. मित्र येण्यापूर्वी त्याला दोन गोष्टी आणायला सांगा: त्याची रिकामी बंदूक तिच्या माहितीपत्रकासह, आणि त्याच बंदुकीतून झाडलेल्या त्याच्या स्वतःच्या पुंगळ्या. दुसऱ्याच्या, रेंजवर वेचलेल्या किंवा तुमच्या डब्यातल्या पुंगळ्या नकोत, कारण त्या किती वेळा वापरल्या गेल्या याचा हिशेब कोणाकडे नसतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोघांनीही डोळ्यांनी व बोटाने करून घ्या. नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव त्याला मोठ्याने वाचायला लावा. मग एक बारीक तार घेऊन तिचे टोक काटकोनात वाकवा आणि ते पुंगळीच्या आत बुडाच्या थोडे वर फिरवून दाखवा. जेथे धातू ताणून पातळ झालेला असतो तेथे टोक किंचित अडखळते. बाहेरून त्याच जागी उजळ कडे दिसते. असे अडखळणे बोटाला एकदा जाणवले की मित्राला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. ती पुंगळी त्याच्यादेखत पक्कडीने चेपून भंगारात टाका.

भाराचा आकडा त्याने स्वतः, छापील पुस्तकातून किंवा दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातून शोधायचा. तुमच्या वहीतला आकडा त्याला सांगू नका. भरलेले काडतूस देणे आणि आपला आवडता भार सांगणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. दुसऱ्यात धोका फक्त कागदावरून जातो. दारूचे नाव तंतोतंत तेच हवे, कारण सारख्या नावांच्या दारू जळण्याच्या वेगात फार वेगळ्या असू शकतात. गोळीचे वजन आणि जात तीच हवी, आणि सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी भारापासून व्हायला हवी. तक्त्यात फक्त कमाल भार दिलेला असेल तर साधारण दहा टक्के खालून सुरुवात करण्याचा प्रघात आहे, मात्र काही दारूंच्या बाबतीत भार कमी करू नये अशी सूचना असते, ती पाळायची. वजनकाटा प्रमाणित वजन ठेवून तपासा. भार ग्रेनमध्ये मोजतात, एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. यावरून अर्धा ग्रेन किती क्षुल्लक दिसतो आणि लहान पुंगळीत तो किती मोठा ठरतो हे त्याला समजावून सांगा.

मेजावर दारूचा एकच डबा असू द्या. भार टाकण्याचे काम चालू असताना गप्पा पूर्ण बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि कोणी हाक मारली तर हातातली पुंगळी रिकामी करून मगच उत्तर द्यायचे. प्रेसचा दांडा मित्राच्याच हातात राहील. तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. हे सोपे नाही, सवयीने हात पुढे जातो, तरीही आवरायचा. पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या उभ्या राहिल्या की गोळी बसवण्यापूर्वी दिवा तिरपा धरून प्रत्येकीत डोकवायला सांगा. तिरप्या उजेडात दारूची पातळी सर्वत्र सारखी दिसते आणि दुप्पट भार पडलेली किंवा रिकामी राहिलेली पुंगळी त्या रांगेत लगेच उठून दिसते. माझ्या पाहण्यात नवखा माणूस या ठिकाणी जुन्यापेक्षा जास्त काळजीपूर्वक बघतो. प्रायमर बसला की प्रत्येकावरून बोट फिरवून तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली आहे ना, हे तपासायला लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि शेवटी हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण शिसे पोटात जाते.

पहिल्या दिवशी दहापेक्षा जास्त काडतुसे भरू नका. दारू नसलेले, प्रायमर नसलेले एक नमुना काडतूस आधी करून ते त्याच्या चेंबरात जोर न लावता जाते ना आणि बाहेर निघते ना, हे पाहायला मी त्या गोळी अडकण्याच्या प्रसंगापासून कधीही चुकत नाही. खोक्यावरच्या चिठ्ठीत काडतुसाचे नाव, दारूचे नाव व भार, गोळी, प्रायमर, पुंगळी कितव्यांदा वापरली ते, तारीख आणि कोणत्या बंदुकीसाठी हे सगळे त्याच्याच अक्षरात असावे. रेंजवर पहिले दहा बार तुमच्यासमोर व्हावेत. प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घेऊन बघा: प्रायमर सपाट झाला आहे का, बुडावर चकचकीत ओरखडा आहे का, बोल्ट उचलताना जड लागला का. यातले काहीही दिसले तर थांबायचे. मात्र काही दिसले नाही म्हणजे दाब सुरक्षितच आहे असे समजायचे नाही, कारण काही काडतुसांत ही चिन्हे मर्यादा ओलांडून गेल्यावरच उमटतात. चाप ओढल्यावर बार उडालाच नाही तर नळी निशाणीकडेच धरून निदान तीस सेकंद थांबायचे. आवाज फुसका आला तर पुढचा चाप ओढायचा नाही. थोडे थांबून बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार मोकळी असल्याशिवाय पुढचे काडतूस हातात घ्यायचे नाही.

एक अपवाद मी मानतो. घरातले माणूस माझीच बंदूक, माझ्या शेजारी उभे राहून चालवत असेल तर मी भरलेली काडतुसे ते वापरते, कारण बंदूक तीच असते आणि बिघाडाचा आवाज ओळखणारा कानही तेथेच असतो. त्यांपैकी एक गोष्ट जरी बदलली तरी हा अपवाद लागू होत नाही. आणि हाच नियम उलट दिशेनेही पाळा: कितीही अनुभवी मित्राने भरलेली काडतुसे तुम्ही घेऊ नका, बाजारात पिशवीत सुटी मिळणारी तर नाहीच नाही.

यापूर्वीच कोणाला काडतुसे दिली असतील तर आज फोन करून ती परत मागा. संकोच वाटेल, पण कारण सरळ सांगा आणि परत आलेली मोजून घ्या. ती हातोडीसारख्या बुलेट पुलरने, चष्मा लावून, एकेक करून उघडायची. निघालेली दारू पुन्हा डब्यात ओतायची नाही, तिची विल्हेवाट उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे लावायची. त्या दिवशी रेंजवरून घरी गेल्यावर मित्राने मला माझे खोके परत दिले. शंभरांतले एक अडकले होते, म्हणजे नव्याण्णव यायला हवी होती, निघाली एकोणऐंशी. उरलेली वीस त्याने आदल्या संध्याकाळी मेव्हण्याला दिली होती, कारण त्याच्याकडेही .३०८ आहे. मेव्हण्याची रायफल मी आजपर्यंत पाहिलेली नाही. आम्ही लगेच त्याच्या घरी गेलो तेव्हा काडतुसे कपाटात होती, एका नामांकित कंपनीच्या रिकाम्या झालेल्या खोक्यात व्यवस्थित मांडून ठेवलेली, आणि त्या खोक्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी नव्हती.